सापातलं मांजर

सापाचा डीएनए जुळवून झाला आणि त्यात चक्क मांजर निघालं.

मुंगीने डोळे चोळून पडद्याकडे पुन्हा पाहिलं. ही प्रयोगशाळेतली सगळ्यात नवी संशोधिका. दिवसभर तुरुतुरु कामात असते म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. सापाच्या डीएनएचे लाखो तुकडे वाचून संगणकावर एकापुढे एक जुळवले, की त्या जातीचा पहिला अस्सल नकाशा तयार होतो. त्या नकाशात मधेच मांजराचा एक लांबलचक तुकडा ऐटीत पसरला होता.

तिने स्वतःच्या स्वेटरकडे पाहिलं. घरची काळीभोर मांजरी रोज तिच्या स्वेटरवर लोळायची. सापाचं रक्त प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी स्वतः काढलं होतं, कारण दुसऱ्या कोणाच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. पण रक्ताची नळी फ्रीजमध्ये ठेवली होती मुंगीने. आणि आता कुठे तिची नोकरी कायम होणार होती!

तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले.

"सापात मांजर? अगं, हा तर क्रांतिकारक शोध! बोलाव पत्रकारांना!"

"सर, ते... आमच्या मांजरीचं असेल."

सरांचा चेहरा आधी उतरला, मग तापला. "घसा कोरडा करून सांगतो मी, अंगावर एक केस नको! आण त्या मांजरीचे केस. जुळले, तर नोकरीला रामराम!"

तपासणी झाली. निकाल ऐकायला सगळी प्रयोगशाळा गोळा झाली. मुंगी खालमानेने वाचू लागली आणि वाचता वाचता तिची मान वर आली.

"जुळत नाही, सर. हा बोका आहे. डीएनएवरून रंगही कळतोय. नारिंगी."

"मग हा बोका आला कुठून?" सर बोट नाचवत गरजले. बोटामागून कोटाची बाही पुढे आली. बाहीवर नारिंगी केस चमकत होते.

कोणी हसलं नाही. त्यासाठी फार कष्ट पडले. सरांनी हात हळूच पाठीमागे नेला.

"असो. किरकोळ भेसळ आहे. तुकडा काढ, नकाशा पुन्हा जुळव. काम चोख आहे हो तुझं! नोकरीची काळजी करू नकोस."

"थँक्यू सर. अहवालात भेसळ कोणाची लिहू?"

"अज्ञात लिही."

मुंगीने आज्ञाधारकपणे लिहिलं, 'अज्ञात बोका. रंग नारिंगी. कोटावर झोपण्याची सवय.'

संध्याकाळी कागद सरांच्या टेबलावरून परत आला. खाली त्यांची सही होती. आणि 'कोटावर'च्या पुढे, लाल शाईत, बारीक अक्षरात एक दुरुस्ती, 'आणि उशीवर.'