सहावं घर

माझ्या नणंदबाई चिंचेच्या कोळानं काडतुसं घासतात. रिकामी, उडवून झालेली, पितळेची. समई घासावी तशी कडेकडेनं घासतात, धुतात आणि गच्चीवर पंच्यावर वाळत घालतात. शेजारी माझे पोह्याचे पापड. दोन्ही वाळवणांना कावळे हाकलायची काठी एकच. मला सगळं जागच्या जागी लागतं, म्हणून स्वयंपाकघरात चिंचेच्या दोन बरण्या केल्या आहेत आणि त्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत : ‘आमटीची’ आणि ‘अक्कांची’.

ईशान, मीरा, तुमच्या या आत्याआजीबद्दल लिहायला निमित्त तुमचाच फोनवरचा प्रश्न. ‘आजी, अक्कांच्या लाडवांच्या डब्याला खण सहा आणि लाडू नेहमी पाच. सहावा पोस्टमन खातो का?’

पोस्टमन निर्दोष आहे.

अक्कांचे यजमान, आमचे आप्पा, भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांच्या वडिलांचं एक जुनं रिव्हॉल्व्हर वारशानं त्यांच्याकडे आलं आणि आप्पांमागे अक्कांकडे. नुसता चाप ओढला की उडणारं ते नव्हे. दर वेळी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा आणि मगच चाप. ‘आधी घोडा, मग चाप’ हे अक्कांचं ब्रह्मवाक्य. सोसायटीच्या सभेत कोणी तावातावानं उठलं की अक्का मागच्या खुर्चीवरून म्हणतात, “आधी घोडा, भाऊ, आधी घोडा!” तुमच्या बाबानं परदेशी जायचं ठरवल्याचं सांगितलं तेव्हाही त्या एवढंच म्हणाल्या होत्या.

त्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत सहा घरं. पण जुन्या बनावटीत घोडा भरल्या घरावर टेकलेला असला आणि शस्त्र हातून पडलं, तर बार उडू शकतो. म्हणून जाणती माणसं पाच घरं भरतात आणि घोडा टेकायला एक रिकामं ठेवतात. अक्कांनी हा नियम संसारालाच लावला. जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या आहेत. जेवायला सहावं माणूस आलं तर अक्का ताट घेऊन ओट्याशी उभ्या राहतात, पण सहावी खुर्ची रिकामी. “एक घर रिकामं असावं, शैला. घोडा टेकतो.”

काडतुसं त्या घरीच भरतात. त्याचा रीतसर परवाना आहे. तो फ्रेम करून देवघराशेजारी लावला आहे, त्यामुळे आल्यागेल्याचे हात आपोआप त्यालाही जोडले जातात. भरायचं काम त्यांना आप्पांनी शिकवलं. सोनाराच्या काट्यासारखा काटा, एक हातदाबणीचं यंत्र आणि अक्कांच्या तोंडी “दारू कमी, नेम जास्त” असा जप.

या दारूनंच एकदा घात केला. आमचे सेक्रेटरी कुलकर्णी जिन्यात मला गाठून हळूच म्हणाले, “काकू, राग मानू नका. अक्का फोनवर सांगत होत्या, दारू संपली, रविवारच्या आत भरायला हवी. कधीपासून हे?”

“आप्पा गेल्यापासून. आधी ते भरायचे.”

“अरेरे! दुःखात माणूस लागतो हो नादाला. रोज?”

“छे! शनिवारी. तीही काट्यावर मोजून.”

कुलकर्ण्यांनी डोळे मिटले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या पत्नीनं अक्कांना भजनी मंडळात यायचा आग्रह केला. अक्का गेल्या. टाळ वाजवताना म्हणाल्या, “सम जरा लवकर येतेय, आधी घोडा!”

दर रविवारी सकाळी जुन्या मिक्सरच्या खोक्यात रिव्हॉल्व्हर घालून आम्ही ओळखीच्या रिक्षानं निघोज्याच्या पुढे नेमबाजीच्या मैदानावर जातो. मला बंदुकीचा तिटकारा. मी कानात बोळे घालून विणत बसते. मैदानाचे बबनराव निघोज्याचेच. एकदा ते मला म्हणाले, “वैनी, हितं सगळी सहा भरत्यात. जाग्यावर भरायचं, जाग्यावर उडवायचं, पडायचं भ्याव न्हाई. आक्काच तेवढ्या पाच भरत्यात.”

मी घरी येताना विचारलं. अक्का रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “आम्ही दोघं यायचो तेव्हा पाच गोळ्या माझ्या असायच्या. सहावी ह्यांची. टूलरूमचा माणूस, केसाइतकी चूक चालायची नाही, आणि नेम म्हणशील तर एकदाही निशाणाच्या पुठ्ठ्याला लागला नाही. पुठ्ठ्यामागच्या बांधाची सगळी माती ह्यांचीच.”

यंदा अक्कांचा अंगठा धरला. आधी लाडू वळताना दुखायचा, मग घोडा ओढताना. डॉक्टरांनी मान हलवली. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. अक्का म्हणाल्या, “नको करायला. पुढच्या आठवड्यात रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं पोलिसांत जमा करून टाकू.” मला वाटलं, सुटलो. पण त्या रविवारी पुन्हा मिक्सरचं खोकं बाहेर आलं.

मैदानावर त्यांनी पर्समधून आप्पांचं चष्म्याचं घर काढलं. आत चष्मा नव्हता. एक काडतूस होतं, काळपट पडलेलं.

“अक्का, हे घासायचं राहिलं का?”

“घासायचं नाही. बोटं आहेत त्यांची त्यावर.” मग सावकाश म्हणाल्या, “ह्यांनी भरलेलं शेवटचं. रविवारी उडवणार होते. शुक्रवारी गेले. आता बाकीच्यांबरोबर हेही जमा करावं लागेल. पोलिसांच्या कपाटात पडायला नव्हतं भरलं त्यांनी.”

त्यांनी चक्रीच्या बाजूची छोटी खिडकी, काडतूस घालायची, उघडली आणि ते एकच काडतूस चक्रीत सरकवलं. पाच घरं रिकामी, सहावं भरलेलं. नेम धरून अंगठा घोड्यावर टेकवला. घोडा हलला नाही. पुन्हा प्रयत्न केला. बबनराव पुढे झाले, “आक्का, ऱ्हाऊ द्या. मी वडतो.”

“तुमचा हात नको, बबनराव. शैला, ये.”

“मी? अहो अक्का, मी साधा स्टोव्हला पंप मारताना घाबरायचे!”

“आधी घोडा, मग चाप. घोडा तुझा, चाप माझा. ये.”

मी विणकाम ठेवलं. बबनरावांनी मला बाजूला कसं उभं राहायचं ते दाखवलं आणि अक्कांचं मनगट धरून ठेवलं. दोन्ही अंगठ्यांनी मी तो घोडा ओढला. कट, कट करत तो मागे जाऊन बसला. “हं, आता मागं व्हा,” बबनराव म्हणाले. मी झाले.

अक्कांच्या हलक्या बारांची मला सवय होती. हा तसा नव्हता. बोळ्यांतूनही कानठळ्या बसल्या, अक्कांचा हात वर उसळला, झाडावरचे बगळे उडाले.

“बाई गं! एवढी का उडाली ही?”

“ह्यांच्या मापाची होती ना,” अक्का म्हणाल्या.

बबनरावांनी दुर्बिणीतून पुठ्ठा पाहिला, पुन्हा पाहिला. मग चाचरत म्हणाले, “आक्का, काय सांगू... पुठ्ठ्याला न्हाई लागली. पार मातीत गेली.”

अक्का इतक्या हसल्या की मला त्यांना बाकावर बसवावं लागलं. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “म्हणजे ह्यांच्याच मातीत गेली म्हणायची!”

काल लाडवांचा डबा पोस्टात टाकला. दुखत्या अंगठ्यानं अक्कांनी पाच वळले आणि परात माझ्याकडे सरकवली. सहावा खण भरलेला दिसेल. तो लाडू जरा वाकडा आहे. तो मी वळला.