पत्रिका नको, माती दाखवा

मुलीसाठी स्थळ आलं की लोक पत्रिका मागतात. भोसरीतले आमचे शेजारी जगदाळे माती मागतात. ‘पत्रिका राहू द्या हो. तुमच्या घराखाली काय आहे?’ पाहुण्यांचा पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबतो.

भुसभुशीत जमिनीवर भूकंपात टिकतील असे पाये डिझाइन करण्यात त्यांची हयात गेली. एकदा माझ्याच पातेल्यात ओली वाळू भरून त्यांनी माझा बत्ता त्यात उभा केला आणि पातेल्याला टपल्या मारल्या. वाळू पातळ झाली, बत्ता बुडाला. ‘बघा वहिनी, गेला बंगला!’ पातेलं घासायला मात्र मी.

त्यांच्या मुलीची, मुक्ताची आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. मोशीचं स्थळ भरावावर म्हणून नापास, नदीकाठचं वाळूवर म्हणून. शेवटी पोरीनंच आपल्या कंपनीतला अमोल शोधला. घर तळेगावात. मला म्हणाली, ‘काकू, सोबत चला. बाबा याही वेळी नाही म्हणाले, तर त्यांना दुखवून मी लग्न करणार नाही.’

गेलो. अमोलचे वडील परसात या दोघांसाठी खोल्या बांधणार होते. जगदाळे थेट तिकडे. ‘आधी खड्डा.’

‘अहो, मुलगा बघायला आलात की विहीर काढायला?’ वडील चिडले. मला हसू आवरेना. अमोलनं मात्र बाह्या सारल्या आणि पहार घेतली.

कमरेइतकं खणलं, तर ओली वाळू आणि विटांचे तुकडे. जगदाळ्यांचा चेहरा खुलला. ‘भराव! भूकंप काय विचारून येतो, राव? हे सगळं खचणार!’ मुक्ता पांढरीफटक पडली.

‘मग कातळ लागेपर्यंत जाऊ की, काका,’ अमोल खालून म्हणाला. ‘पाये तिथून उचलू आणि बीमनं एकमेकांना बांधून टाकू. हललंच तर घर एकत्र हलेल.’

जगदाळे वाकून खड्ड्यात बघू लागले. खड्डा छातीला लागला तेव्हा पहार खणकन वाजली. मुक्तानं टाळ्याच पिटल्या.

‘अजून जरा बघ,’ जगदाळे म्हणाले.

‘कातळच आहे, काका.’

‘काय हो, आता तरी हो म्हणा!’ मी म्हटलं.

ते खड्ड्याच्या काठावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘वहिनी, पोरगाही भक्कम निघाला हो. आता नाही कशावरून म्हणू?’

अगं बाई! इतकी स्थळं मातीवरून मोडली ती पोरगी जवळ राहावी म्हणून होय! मला एकदम भरून आलं. ‘तळेगाव काय लांब आहे का?’ मी म्हटलं.

‘दिवसा नाही,’ ते म्हणाले. ‘संध्याकाळी फार लांब आहे.’

मग उठले, अमोलला हात दिला आणि त्याला वर ओढून घेतलं.