इंधन राखणारे गजभिये सर

आमचे गजभिये सर उतार आला की पेट्रोल वाचवायला स्कूटर बंद करतात आणि तशीच घरंगळू देतात. धायरी ते हिंजवडी वाटेतले सगळे उतार त्यांना तोंडपाठ आहेत. हीच शिस्त त्यांनी आमच्या यानालाही लावली होती.

चंद्राभोवती फिरणारं हे यान आम्ही हिंजवडीतल्या ऑफिसातून चालवतो. चंद्राची ओढ सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे यानाची वाट हळूहळू बिघडते. ती सरळ करायची तर इंजिन पेटवावं लागतं, आणि इंधन सरांच्या ताब्यात!

एकदा संशोधनवाल्या मॅडमना एका विवराचा जवळून फोटो हवा होता. "यान जरा खाली आणता येईल का?"

"काहून? मागच्या वर्षी काढला न फोटो. खड्डा तोच आहे. रोज बदलणारे खड्डे पाहिजे असतील तर आपल्या गेटबाहेर काढा."

मॅडम पुन्हा आल्या नाहीत.

वाट दुरुस्त करायची वेळ आली की सरांचं ठरलेलं, "अजून दोन फेऱ्या थांबा." एकदा थांबता थांबता यान इतकं खाली आलं की आमच्या तोंडचं पाणी पळालं. सर भाकरी-ठेचा खात होते. डबा संपवून, हात धुऊन मग त्यांनी परवानगी दिली, तीही सेकंद मोजून. यानाबद्दल कधी चांगला शब्द नाही. "खटारा आहे," म्हणायचे.

यंदा इंधन खरंच तळाला गेलं. ते संपायच्या आत यान चंद्रावर ठरलेल्या जागी पाडायचं, असा वरून निर्णय आला. ती आज्ञा सरांनीच द्यायची होती. इंधन जेमतेम महिन्याचं, सरांच्या निवृत्तीला दोन महिने. सर हट्टाला पेटले. फोटोसाठी यान इकडेतिकडे वळवणंसुद्धा बंद केलं आणि तेवढंच इंधन तीन महिने पुरेल असं करून ठेवलं. मला वाटलं, जाता जाता विक्रम हवाय यांना. फार चीड आली.

निरोप समारंभ झाल्यावर शाल आणि नारळ सांभाळत ते लिफ्टपाशी उभे होते. मी विचारलंच, "सर, एवढं कोणासाठी राखलंत?"

ते उगाच चष्मा पुसत राहिले.

"अकरा वर्षं त्याला पडू नाही दिलं, बाई. आता पड म्हणून मीच कसं सांगू? तेवढं तुम्ही करा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. डोळे भरून आले.

"त्या दिवशी फोन नका करू," लिफ्टमध्ये शिरताना ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी घरी या जेवायला. मी एकटाच असतो."