नेहमी वाजवता तसंच वाजवा

चूपसाहेबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी त्यांचे कान सकाळी सात वाजल्यापासून दुखत होते. शहराच्या आवाज-मोजणी खात्यात ते निरीक्षक होते. सकाळी दोन तास खडी फोडणाऱ्या यंत्रापाशी, दुपारी दीड तास एका इस्पितळामागच्या जनरेटरपाशी आणि नंतर तासभर कचेरीत तक्रारदारांसमोर. यातला सर्वांत मोठा आवाज कुठला, असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी तक्रारदारांकडे बोट दाखवलं असतं. त्यांचं खरं नाव आता कागदोपत्रीच उरलं होतं. ते आत शिरले की जो तो चूप होई, म्हणून सगळे हॉटेलवाले आणि बँडवाले त्यांना चूपसाहेब म्हणत. अलीकडे बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची.

बायकोचं मागणं काही मोठं नव्हतं. "दागिना नको, सहल नको. एकदा मला समोर बसून गाणं ऐकायचंय. ड्रम वाजला की छातीत धडधडलं पाहिजे, असं." पंचवीस वर्षं तिने मिक्सर टॉवेलात गुंडाळून फिरवला होता आणि रेडिओ कानाला लावून ऐकला होता, कारण हे दमून घरी येत आणि यांच्या कानांना विश्रांती हवी असे. यंदा साहेबांनी शब्द दिला होता. तो मोडला असता तरी ती काही बोलली नसती, आणि त्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटत होती.

कोपऱ्यावरचं ते गाण्याचं हॉटेल लहानसंच होतं. बारा टेबलं, एका भिंतीला बार आणि समोर वीतभर उंचीचं स्टेज. त्यावर एक गाणारी बाई, एक गिटारवाला आणि एक ड्रमवाला कसेबसे मावले होते. साडेसातला दोघं आत शिरली तेव्हा ड्रम असा काही वाजत होता की दारातल्या पायपुसण्यातून तो तळपायाला कळत होता. बायकोने साहेबांचा दंड घट्ट धरला. "हेच! हेच म्हणत होते मी!"

आणि तिथेच घात झाला. कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की साहेब आधी एक टाळी वाजवत. खोली किती घुमते ते त्यांना त्या एका टाळीवरून कळे. जित्याची खोड! मुलगी झाली तेव्हाही बाळंतिणीच्या खोलीत शिरताच त्यांनी टाळी वाजवली होती आणि नर्सने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं होतं.

बारमागे ग्लास पुसणाऱ्या मालकाने ती टाळी ऐकली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दोन वर्षांपूर्वी याच टाळीनंतर त्याच्या स्पीकरांना महिनाभर सील लागलं होतं. दुधाने तोंड पोळलेला तो माणूस. त्याने स्टेजकडे बघून हात खालीखाली केला. ड्रमवाल्याने काठ्या ठेवल्या आणि हळू वाजवायचे ब्रश उचलले. साहेब आणि बायको टेबलाशी बसेपर्यंत ड्रमचा आवाज कोणी अंगण झाडत असल्यासारखा येऊ लागला.

"अहो, हे असं का झालं?"

"हळूहळू चढवतात," साहेब म्हणाले. त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

सूप आलं, सूप संपलं, तरी गाणं काही चढलं नाही. बायको पुढे वाकून ऐकत होती. तिची ती वाकलेली मान बघून साहेबांना राहवेना. ते उठले आणि दुखरे पाय ओढत बारपाशी गेले.

"मालक, मी आज कामावर नाही. बायकोला घेऊन आलोय."

"हो साहेब. दिसतंय ना साहेब."

"मग बिनधास्त वाजवा की. नेहमी वाजवता तसंच वाजवा."

वाक्य तोंडून गेलं आणि साहेबांनी जीभ चावली. मोजणीला गेलं की यंत्र सुरू करण्याआधी निरीक्षकाने हेच वाक्य म्हणायचं, असा खात्याचा नियमच होता. इतक्या वर्षांत त्यांनी ते हजारदा म्हटलं असेल, आणि प्रत्येक वेळी त्यानंतर कोणाचे ना कोणाचे तरी स्पीकर सील झाले होते. मालकाने कपाळावरचा घाम ग्लास पुसायच्या फडक्याने पुसला.

"नेहमी आम्ही असंच वाजवतो साहेब. याहूनही हळू. आज जरा जास्तच झालं, माफ करा."

त्याने मागे वळून बोट फिरवलं. गिटारवाल्याने वायर उपटली.

साहेब हात हलवत परत आले. "सांगितलंय," ते बायकोला म्हणाले. मग त्यांना वाटलं, लग्नाचा फोटो दाखवला तर मालकाची खात्री पटेल. फोटो फोनमध्ये होता. तो शोधता शोधता त्यांनी फोन उंच धरला, कारण चष्मा घरी राहिला होता. गाणाऱ्या बाईने आपल्याकडे रोखलेला तो फोन पाहिला. आजकाल फोनवरही आवाज मोजता येतो हे तिला पक्कं माहीत होतं. तिने कडव्याच्या मध्येच माईक बंद केला आणि उरलेलं गाणं नुसत्या ओठांनी म्हटलं.

"ती बाई मुकी झाली का हो?" बायकोने विचारलं.

आता मात्र साहेब इरेला पेटले. त्यांनी कागदी रुमाल ओढला आणि त्यावर लिहिलं, 'मी आज सुट्टीवर आहे. या हॉटेलने हवं तेवढ्या मोठ्याने वाजवावं. माझी हरकत नाही.' खाली सही केली, आणि सवयीने सहीखाली हुद्दा आणि तारीख टाकली. रुमाल मालकाच्या हातात ठेवला.

मालकाने तो दोनदा वाचला आणि मटकन स्टुलावर बसला.

"साहेब, माझं काय चुकलं ते तोंडी सांगा ना. लेखी कशाला?"

"अहो, ही परवानगी आहे!"

"परवानगी? मी साधी पाटी लावायची परवानगी मागितली होती, तिला अकरा महिने लागले. आणि तुम्ही पाच मिनिटांत, न मागता? नको साहेब. मला मुलंबाळं आहेत."

त्याने स्टेजवरचे दिवेच मालवले. करायला गेलं एक आणि झालं भलतंच. निरीक्षक आल्याची बातमी टेबलाटेबलावर पसरली. शेजारचं कुटुंब काटे-चमचे ठेवून हाताने जेवायला लागलं. एकाला खोकला आला, तर तो रस्त्यावर जाऊन खोकून आला. वेटर चवड्यांवर चालत आले आणि त्यांनी तळलेले मासे असे काही अलगद ठेवले की जणू ते मासे नुकतेच झोपले होते.

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती मिठाची बाटली उगाच इकडची तिकडे करत होती. "असू दे," ती म्हणाली, "मासे छान आहेत." ते 'असू दे' ऐकून साहेबांना रडूच यायचं बाकी राहिलं. शब्द दिला होता, पाळताही आला नाही, आणि आता त्यांच्यात पुन्हा उठून बारपर्यंत जायचं त्राण नव्हतं. बारा टेबलांवर एक ताट वाजत नव्हतं. इतकी शांतता त्यांनी कित्येक वर्षांत अनुभवली नव्हती. दोन मिनिटं डोळे मिटून काहीतरी युक्ती काढू, असं म्हणून त्यांनी हनुवटी हातावर टेकली.

त्यांना जाग आली तेव्हा मान आखडली होती, गालावर टेबलक्लॉथची वीण उमटली होती आणि घड्याळात नऊ वाजले होते. हॉटेल चिडीचूप होतं. समोर बायको बसली होती. केस सुटलेले, चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी.

"रडलीस?"

तिने तोंड उघडलं, पण आवाज बसलेला, नुसता घोगरा निघाला. साहेबांना पुढचं ऐकवेना. त्यांनी तिचा हात धरला.

"माझंच चुकलं गं. पंचवीस वर्षांत तुला एक गाणं ऐकवता आलं नाही मला. सगळ्या गावाला गप्प केलं आणि तुलाही केलं. उद्याच रजा टाकतो. मला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी जाऊ. वाटलं तर मी बाहेर बाकावर बसतो, तू आत बसून ऐक."

"अहो, काय पुटपुटताय? मोठ्याने बोला," बायको म्हणाली. "माझ्या कानांत नुसतं गुंऽऽ होतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही घोरायला लागलात. मालक आले, म्हणाले, साहेब सोंग घेऊन ऐकतायत. मी म्हटलं, पंचवीस वर्षं शेजारी झोपतेय, सोंग कुठलं नि झोप कुठली मला कळतं. आता छप्पर कोसळलं तरी हा माणूस उठत नाही. वाजवा तुम्ही."

"आणि त्यांनी वाजवलं?"

"आधी घाबरत होते. मग ड्रमवाल्याने तुमच्या कानाशी झांजा आपटून बघितल्या. तुम्ही नुसती मान दुसऱ्या बाजूला केलीत. त्यानंतर जे सुरू झाले, ते झालेच! शेवटची दोन गाणी तर मीच म्हटली, स्टेजवर चढून." तिने छातीवर हात ठेवला. "अजून धडधडतंय."

साहेबांनी स्टेजकडे पाहिलं. ड्रमवाला घामाने ओलाचिंब झालेला शर्ट पिळत होता. गाणारी बाई कोमट पाणी पीत होती. खरं तर त्यांना राग यायला हवा होता, पण रागवायलाही अंगात जोर लागतो. तिच्या डोळ्यांतलं पाणी रडण्याचं नाही एवढंच त्यांना कळलं आणि फार बरं वाटलं.

"चल तर मग," ते खुर्ची मागे सारत म्हणाले, "निघू या घरी."

"निघू या कुठे? मध्यंतर झालंय नुसतं. अजून सहा गाणी आहेत." बायकोने त्यांचा खांदा धरून त्यांना परत बसवलं. मालक एक उशी घेऊन अदबीने शेजारी उभा होता, आणि बारा टेबलांवरची सगळी माणसं त्यांच्याकडेच बघत होती. "तुम्ही मधेच उठलात, म्हणून सगळे खोळंबलेत बिचारे. झोपा बघू."

साहेबांनी मुकाट्याने उशीवर डोकं ठेवलं. ड्रमवाला दोन्ही काठ्या वर उगारून त्यांच्या पहिल्या घोरण्याची वाट बघत थांबला.