एक लाखात खणखणीत

आमच्या गावात कान असलेली माणसं दोनच, असं माझं प्रामाणिक मत आहे. एक मी. दुसरा अजून जन्मायचाय! बाकीच्यांच्या डोक्याला दोन बाजूंना जे आहे, ते चष्मा अडकवायला.

म्हणून बाबांच्या निळ्या गाडीतला स्टिरिओ जेव्हा वारला (अकॉर्डियन वाजता वाजता शिंकला, थोडा धूर काढला आणि संपला), तेव्हा दुसरा निवडायची जबाबदारी मी छाती पुढे काढून स्वतःकडे घेतली.

वेळ नाजूक होती. दहा दिवसांनी माझी बहीण मायेर्लिस पंधरा वर्षांची होणार होती. आमच्या नदीकाठी मुलीची पंधरावी म्हणजे लग्नाची रंगीत तालीमच. चर्च, झगा, केक, बापाबरोबर वॉल्ट्झ. आणि चर्चपासून हॉलपर्यंत गाडीतून वाजतगाजत वरात! शेजारच्या इस्मेनियाकाकूंनी कुंपणावरून आईला सांगूनच टाकलं, "आमच्या एल्किनची पांढरी गाडी न्या हो. तुमच्या त्या डब्यातून नेलीत तर पोरगी पंधराची निघेल आणि सोळाची पोचेल!"

आईचा चेहरा असा झाला, की चुलीवरचं तेल तिच्याकडे बघूनच तापलं.

"आई," मी म्हणालो, "पोरगी आपल्याच गाडीतून जाणार. आणि आवाज असा, की काकूंच्या कोंबड्या वॉल्ट्झ नाचतील."

"आणि फजिती झाली तर?"

"तर एल्किनची गाडी मी धुवीन. वर्षभर!"

नव्या स्टिरिओला चार लाख पेसो पडत होते. माझ्याकडे होते एक लाख. म्हणून मी बाजारामागच्या साबासशेठकडे गेलो. तिथे मेलेल्या गाड्यांचे अवयव मिळतात. माझी परीक्षा कडक असते. माझा पेनड्राइव्ह लावायचा, आवाज पूर्ण वाढवायचा, डोळे मिटायचे. पहिल्या सेटमध्ये गायक बादलीत बसून गात होता. दुसऱ्यात बादलीत पाणीही होतं. तिसऱ्याचा ढोल इतका दणदणीत, की शेठची कवळी टेबलावरून चालत निघाली. चौथा लावला आणि... अकॉर्डियनवाल्याने दोन ओळींमध्ये घेतलेला श्वास ऐकू आला! त्या श्वासावरून मी त्याचं जेवणही सांगितलं असतं. तळलेला मासा, कांदा जास्त.

"हा कुणाचा होता, शेठ?"

"पलीकडच्या काठावरच्या म्हाताऱ्याचा. टपावर भोंगा लावून गावभर पुकारा करायचा. लोकांना शब्द न् शब्द कळला पाहिजे, म्हणून भारीतला घेतलेला."

"बोला, कितीला?"

"दीड लाख."

"एक. आणि कवळी शोधून देतो."

"घेऊन जा!" शेठ बोळक्या तोंडाने म्हणाले.

तीन दिवस मी तो सेट जुळवत होतो. दारांत चार स्पीकर, डिकीत एक मोठा, वॉल्ट्झ चौकापर्यंत जावा म्हणून. आवाज असा जमला, की नदीवरचे बगळे रांगेत उभे राहून ऐकत. राहता राहिले तोन्यो मामा. मामांना कुठलंही बटण दिसलं की पिळायचं असतं. स्टिरिओला चालू-बंदचं आणि आवाजाचं मिळून एकच बटण होतं. ते मी पकडीने उपटून खिशात ठेवलं. आता खुद्द पोप आले तरी माझा आवाज बिघडणार नव्हता!

समारंभाला मी नवा सूट घातला. बटण जुन्या पँटमध्ये राहिलं.

चार वाजता चर्चमधून मायेर्लिस बाहेर आली. तिच्या झग्याला अकरा थर होते. झगा पुढच्या सीटवर बसला, मायेर्लिस त्यात कुठेतरी होती. आईबाबा मागे. डिकी उघडी. वॉल्ट्झ सुरू झाला आणि अख्खी गल्ली दारात आली! इस्मेनियाकाकूही. मी एक कोपर खिडकीबाहेर काढून मंद चालवत होतो. इतका अभिमान मला स्वतःच्या जन्माचाही वाटला नव्हता.

तेवढ्यात झग्याने पेनड्राइव्ह गिळला. चौथ्या थरात अडकून तो निघून आला आणि दिसेनासा झाला. क्षणभर शांतता. मग स्टिरिओने स्वतःच्या पोटात जपून ठेवलेलं काढलं. एक खर्जातला, दुःखी, अत्यंत स्पष्ट आवाज:

"जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की आपले लाडके प्रुदेन्सियोकाका आपल्याला सोडून गेले. अंत्ययात्रा निघत आहे. सर्वांनी यावे!"

"बंद कर!" आई किंचाळली.

"बटण दुसऱ्या पँटमध्ये आहे!"

मी किल्ली फिरवली. आवाज थांबला, गाडीही थांबली. आणि आमची गाडी एकदा थांबली की ढकलल्याशिवाय हलत नाही. तोवर सहा पुरुष टोप्या काढून उभे होते.

"आम्ही ढकलतो, पोरा," एक म्हणाला. "काकांसाठी एवढं तरी."

"काका नाहीत हो! कुणीच मेलेलं नाही!"

"सुरुवातीला असंच वाटतं," तो हळूच म्हणाला.

गाडी सुरू झाली. तो पुकाऱ्याचा म्हातारा पुन्हा पहिल्यापासून! आमच्या गावात अंत्ययात्रा कुणी चुकवत नाही, आणि मेलेला माणूस आपल्याला माहीत नव्हता हे तर कुणी कबूलच करत नाही.

"देवमाणूस होता," एकजण म्हणाला.

"माझ्या दोन कोंबड्या नेल्या होत्या त्याने. पण देवमाणूस!"

एका आजींनी खिडकीतून मायेर्लिसला रुमाल दिला. "रड गं बाई. नात ना तू?"

"माझा वाढदिवस आहे!" मायेर्लिस खरोखरच रडायला लागली.

"बघा," आजी मागच्यांना म्हणाल्या, "आजच्याच दिवशी गेला!"

चौकात निवेदन संपलं. मी सुटकेचा श्वास सोडला. म्हाताऱ्याने मात्र घेतला: "अंडी! ताजी, मोठी अंडी! या ताई, टोपली घेऊन या!" झालं, टोपल्या घेऊन बायकाही निघाल्या.

हॉल साठ माणसांचा. आम्ही पोचलो तीनशे. पण आमच्याकडे मयताला रिकाम्या हाताने जात नाहीत. लोकांनी कॉफीचे थर्मास आणले होते, बिस्किटं आणली होती, बसायला आपापल्या खुर्च्या आणल्या होत्या. कुणी तर डॉमिनोचं टेबलही! गाडीतून उतरताना मायेर्लिसने झगा झटकला आणि पेनड्राइव्ह टुणकन रस्त्यावर पडला. मी तो झडप घालून लावला.

वॉल्ट्झ वाजला. हॉलमध्ये जागाच नव्हती, म्हणून बाबांनी तिथेच, भर रस्त्यात मायेर्लिसचा हात धरला. तीनशे माणसं गोल करून उभी, सगळ्यांचे डोळे आधीच भरलेले. ते अश्रू वाया गेले नाहीत. प्रुदेन्सियोकाकांचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. अकॉर्डियनवाल्याचा श्वास शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला.

"कुणाच्याच पंधरावीला तीनशे माणसं नव्हती," मायेर्लिस नाक पुसत म्हणाली. आई त्या दिवशी चार बोटं उंच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी इस्मेनियाकाकू कुंपणाशी आल्या. मला वाटलं, आता बादली आणि फडकं देणार.

"आवाज खणखणीत आहे हो तुझा," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळेला हीच गाडी, हाच पुकारा. आत्ताच सांगून ठेवते. फक्त ते अंड्यांचं तेवढं काढून टाक!"

मी मान ताठ करून हो म्हटलंय. पण खरं सांगू? अंडी कशी काढायची ते मला अजून सापडलेलं नाही. काकूंची तब्येत ठणठणीत आहे, एवढाच काय तो दिलासा.