बिनदुधाचे शेळके

शेळकेभाऊ माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे बघतात. तुम्ही त्यांच्या फाटकातून आत आलात की पहिला प्रश्न, "चामडं का रेक्झिन?" रेक्झिन असेल तर "या, या, लई भारी!" म्हणून हात धरून आत नेतात. चामडं असेल तरी नेतात, पण मग ते चामडं कुणाचं, कसं निघालं, याची माहिती इतक्या उत्साहानं सांगतात की माणूस अनवाणी घरी जायला तयार होतो. चपलेवरून नजर पट्ट्यावर, पट्ट्यावरून पाकिटावर. आमच्या सिडकोतल्या गल्लीत पुरुषमंडळी त्यांच्या घरासमोरून जाताना शर्ट पँटीबाहेर काढतात, ते फॅशन म्हणून नव्हे.

मी त्यांची शेजारीण. मधे कमरेएवढी भिंत आहे फक्त. जन्मभर शाळेत शिकवलं म्हणून सगळी गल्ली मला 'बाई' म्हणते, भाऊही. ते कृषी खात्यातून रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी व्हेगन झाले. म्हणजे दूध, दही, तूप, मध, लोकर, रेशीम, जनावराकडून आलेलं काहीही नको. आणि हे कोण, तर मटणाचा नान-खलिया खायला सिडकोतून पार जुन्या शहरात स्कूटर हाणणारा माणूस! आडनाव शेळके आणि शेळीच्या दुधालाही शिवत नाही, यावर आमचे हे अजून हसतात.

'व्हेगन' हा शब्द मात्र आमच्या गावाला झेपला नाही. भाजीवाल्या सलीमनं एकदा विचारलं, "साब, आप बैंगन हो गए बोलते?" भाऊंच्या कानाला ते व्हेगनच वाटलं. छाती फुगवून म्हणाले, "हौ! एकदम पक्का!" तेव्हापासून सलीम उत्तमातली उत्तम वांगी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. बातमी त्यांच्या बायकोच्या, कुसुमताईंच्या माहेरी लासूर स्टेशनला पोचली. तिथं लग्नाला गेले तर पानात भरलं वांगं, शेजारी भरीत, भातातही वांगं. ताईंचा भाऊ सगळ्यांना दटावत होता, "दाजींना दुसरं काय वाढू नका, ते निस्तं वांगंच खातेत." भाऊंनी हसत हसत सगळं चाटूनपुसून खाल्लं. "बाई, वाढणारानं एवढं जीव लावून केलं, त्याला कुठं शब्दाचा अर्थ सांगत बसू?" असं मला म्हणाले. एरवी रिक्षावाल्याला थांबवून व्याख्यान देणारा हा माणूस, हे विशेष.

त्याच लग्नात फेटा बांधायला आले तेव्हा मात्र ऐकले नाहीत. "रेशमी का सुती?" वरात दारात खोळंबली, बँडवाला तेच गाणं तिसऱ्यांदा वाजवायला लागला, आणि भाऊ फेट्याचा काठ चिमटीत धरून किड्याचा कोश उकळत्या पाण्यात कसा टाकतात ते नवरदेवाच्या आजोबांना सांगत होते. शेवटी कुणीतरी सुती पंचा आणून तो बांधला. फोटोत सगळे गुलाबी फेट्यात आणि मधोमध भाऊ, शेतावरून थेट आल्यासारखे. तो फोटो त्यांनी फ्रेम करून लावलाय.

माझ्या ताटावर त्यांचा डोळा असतो. भिंतीवरून वाकून विचारतात, "बाई, यात प्रोटीन कुठंय?" मी म्हणते, वरण आहे की. "वरण पातळ आहे! मटकी कामून नाय? जवसाची चटणी कामून नाय?" आणि पाच मिनिटांत वाटीभर चटणी भिंतीवर हजर. कुणी हिणवलं की हे नुसत्या पाल्यावर किती दिवस टिकणार, तर खिशातून बी-ट्वेल्व्हच्या गोळ्यांचं पाकीट काढून दाखवतात. "ही एक गोळी घेतो, लपवत नाय. बाकी सगळं जमिनीतून येतंय, बगा!" आणि तिथंच जिना दोनदा वरखाली करून दाखवतात. धाप लागते, पण दाखवतात.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती चहाची आहे.

शेळक्यांच्या घरी सकाळचा चहा पहिल्यापासून भाऊच करत. त्यांची एकुलती एक लेक वर्षा दहावी-बारावीला पहाटे उठायची, तेव्हा आलं ठेचल्याचा आवाज आमच्या घरात यायचा. पुढं ती पुण्याला नोकरीला गेली आणि तिकडं ती व्हेगन झाली. हो, आधी ती झाली. त्या दिवाळीला घरी आली, तर तिनं तुपातला बेसनाचा लाडू बाजूला सारला. पाहुण्यांनी भरलेलं घर. वर्षा हसून म्हणाली, "बाबा, बाकी कशाचं काही वाटत नाही, तुमचा चहा तेवढा आठवतो." एवढं गोड बोलली पोर, पण भाऊंचं डोकं तोवर फिरलं होतं. म्हणाले, "आमच्या घरचं अन्न तुला इख वाटत असंल, तर इथं येऊच नको." ती बॅग उचलून तशीच निघाली.

मग भाऊंनी तिला वादात हरवायचं ठरवलं. महिनाभर मोबाइलमध्ये डोकं घालून व्हेगन लोक कुठं कुठं चुकतात ते शोधत बसले. आणि शोधता शोधता स्वतःच हरले. एका सकाळी भिंतीशी येऊन मला म्हणाले, "बाई, पोरगी बरोबर बोलू राहिली होती." एवढा आनंदी चेहरा करून स्वतःचा पराभव सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी म्हटलं, मग तिला फोन करा. तर लगेच मान हलवली. "असा कोरडा फोन करू का? आधी चहा करतो. दुधाशिवाय, पण आपला पहिला व्हायचा तस्साच. तो जमला की फोन."

झालं! तेव्हापासून आमच्या गल्लीत विज्ञानयुग सुरू झालं. सोयाबीन झालं, त्याचा वास जाईना. जवसाचा चहा चमच्याला चिकटून वर आला. तिळाचा कडू, नारळाचा डोक्याला चोळायच्या लायकीचा, शेंगदाण्याचा घोटभर बरा लागला आणि मग त्याचं पाणी वेगळं, चोथा वेगळा. चव बघायला प्रत्येक वेळी मी. मी चहाची शौकीन बाई, माझ्या जिवावर काय बेतत असेल ते मीच जाणे. "सांगा, सांगा, कसाय?" म्हणून ते परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरासारखे समोर उभे राहत. मी म्हणे, औषध म्हणून चालेल. तर ते हात चोळत, "म्हणजे जवळ आलो!"

कुसुमताईंनी यातला एक थेंबही कधी ओठाला लावला नाही. त्यांची दुधाची पिशवी आमच्या फ्रिजमध्ये असते. दुपारी त्या येतात, आमच्या ओट्याशी उभ्या राहून दाट दुधाचा चहा करतात आणि तिथूनच लेकीला फोन लावतात. बाप व्हेगन झाला, बाप चहा करतोय, हे सगळं वर्षाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती म्हणायची, "आई, 'येऊ नको' बाबा म्हणाले ना? मग 'ये' पण त्यांनीच म्हणायचं. ज्या दिवशी म्हणतील त्या दिवशी येते." इकडं बाप चहासाठी थांबलेला, तिकडं लेक फोनसाठी. मला दोघांचेही कान धरावेसे वाटत. तीन दिवाळ्या तशाच गेल्या.

परवाची गोष्ट. सकाळी भिंतीपलीकडून असा वास आला की माझा हात पोळीवरच थांबला. आलं, गवती चहा आणि त्याखाली काहीतरी गोडसर, भाजल्यासारखं. मी चपला न घालताच गेले. त्यांच्याकडे तेच सोयीचं.

"काजू अन् करडई!" भाऊ ओरडले. "आमची आजी करडईचं दूध काढून खीर करायची, बाई! हे डोक्यात कामून नाय आलं आधी?" कपात ओतलं. रंग बरोबर. वाफ बरोबर. मी घोट घेतला, दुसरा घेतला, आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो शेळक्यांच्या घरचा चहा होता. जुना, पहाटेचा.

"जमला, भाऊ!" मी म्हटलं.

त्यांनी कप माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला आणि हळूच म्हणाले, "नाय. फाटला."

"कुठं फाटलाय?"

"कडेला बगा नीट."

कडेला काही नव्हतं. चहा कसा एकसंध, गुळगुळीत होता. भाऊ पातेलं उचलून मोरीकडे वळले. मी आडवी आले. शाळेत वापरायचे तो आवाज काढून म्हटलं, "शेळकेभाऊ, खाली ठेवा ते. काय झालंय?"

त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं. एरवी एका वाक्यात दहा वेळा 'लई भारी' म्हणणारा हा माणूस फडक्यानं पातेल्याचा काठ पुसत राहिला. मग म्हणाला, "बाई, चहा फाटू राहिला तवर बरं होतं. वाटायचं, जमला की येईल. आता जमला. अन् फोन केला अन् ती नाय म्हणली, तर मग मी उद्यापासून काय करू?"

तीन वर्षं ज्याला मी खूळ समजून हसत होते, ते हे होतं.

कुसुमताई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. हातात अंगणातला कढीपत्ता. तो त्यांनी ओट्यावर टाकला, माझाच कप उचलला आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. तोंड पुसलं. पदराला हात पुसून मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि भाऊंच्या हातात दिला.

भाऊ फोन कानाला लावण्याऐवजी तोंडासमोर धरून उभे. पलीकडून आवाज आला, "हां, आई, बोल."

"वर्षू," भाऊ म्हणाले, "चहा जमला गं." आणि 'ये' म्हणायच्या ऐवजी फोनच पातेल्याच्या वाफेवर धरला.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ किल्ल्यांचा. "झाकून ठेवा, बाबा. निघतेय मी."

पुण्याहून यायला दुपार कलणार, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? तरी ते धावत गेले, फडताळातलं सगळ्यात घट्ट बसणारं झाकण शोधून काढलं आणि त्या पातेल्यावर ठेवलं.