हेडक्लार्कांचं गुप्त मत

महिन्याच्या एक तारखेची दुपार झाली तरी पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला नाही, तेव्हा निवृत्त हेडक्लार्कांनी फोन पुन्हा एकदा उघडून पाहिला.

"कळलं त्यांना," ते पुटपुटले.

"कोणाला काय कळलं?" बायको गुडघ्याला गरम पिशवी लावून बसली होती.

"काही नाही. तू शेक."

सांगणार काय? चाळीस वर्षं हा माणूस एकाच पक्षाला मत देत आला. जुन्या वळणाचा, शिस्तीचा पक्ष. पण त्याच पक्षाच्या सरकारनं ठेवींवरचं व्याज दोनदा कापलं आणि बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. कापणाऱ्यांना त्याची फिकीर नव्हती. म्हातारे आपल्याला सोडून जातात कुठे, ही त्यांची खात्री! या वेळी मात्र हेडक्लार्कांचं टाळकं सरकलं. त्यांनी दुसऱ्या पक्षाचं बटण दाबलं. पक्ष तरीही निवडून आला, आणि पहिल्याच एक तारखेला पेन्शन गायब.

मत गुप्त असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हेडक्लार्कांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. ऑफिसात बत्तीस वर्षं 'गोपनीय' शिक्क्याचं प्रत्येक पाकीट त्यांनीच चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून उघडलं होतं. कोणाची बदली, कोणावर चौकशी, साहेबांच्या आधी यांना ठाऊक. वाचून झालं की डिंक लावून पुन्हा बंद. मग वरचे काय सोवळे असणार? त्यांची तर किटलीही मोठी!

बँकेत विचारायची सोय नव्हती. विचारलं की फाइल वर जाते, हे त्यांच्याहून जास्त कोणाला ठाऊक? त्यांनी चप्पल घातली आणि थेट पक्षाचं ऑफिस गाठलं. वॉर्डातला पुढारी विजयाच्या मिरवणुकीतले झेंडे गुंडाळत होता.

"या काका! काय काम काढलंत?"

"माझ्याकडून चूक झाली. वयाकडे बघा. पेन्शन तेवढी सोडा."

"कसली चूक?"

"आता कशाला छळता? तुम्हाला सगळं माहीत आहे. मी त्यांचं बटण दाबलं."

पुढाऱ्याच्या हातातला झेंडा तसाच राहिला. "काका, तुम्ही?"

हेडक्लार्क दोन पावलं मागे सरले. "म्हणजे... तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आत्ता कळलं ना!"

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पेन्शन जमा. बँकेची यंत्रणा सकाळपासून बंद होती, तसदीबद्दल क्षमस्व.

पुढाऱ्यानं टेबलावरची वही पुढे ओढली. "पूर्ण नाव सांगा बघू, काका."

"गॅसवर दूध ठेवून आलोय," असं म्हणत हेडक्लार्क सटकले ते घरी येऊन दाराला दोन्ही कड्या घालूनच थांबले. बायकोला सगळं सांगून झाल्यावर त्यांनी डोकं धरलं. "पुढच्या महिन्यापासून आपण संपलो. तुझा गुडघाही संपला."

बायको हसायला लागली. मांडीवरची पिशवी खाली पडली तरी थांबेना.

"अहो, मग माझी शिक्षा कुठे अडकली? मी पंचवीस वर्षं त्या दुसऱ्यांचंच बटण दाबतेय."

"काय? मी दर वेळी घरातून निघताना कोणाचं बटण दाबायचं ते तुला सांगायचो!"

"सांगायचात. मी हो म्हणायचे. तुमचा पगार थांबला कधी? बढती अडली?"

हेडक्लार्क खुर्चीत बसले. साहेबांची सगळी पाकिटं उघडली आणि घरातलं एक पंचवीस वर्षं बंदच राहिलं. मग त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "आणि या वेळी? या वेळी कोणाला दिलंस?"

बायको गुडघा धरून उठली, लंगडत ओट्यापाशी गेली आणि तिनं किटली गॅसवर ठेवली.

"या इकडे," ती म्हणाली. "धरा मला वाफेवर. बघा उघडतंय का."